जबड्यातलं पातं

ताडकळस
२० जुलै १९७७

दिनकर,

पत्राच्या डोक्यावर काय लिहायचं, असं सत्यशीलानं विचारलं. मी म्हणाले, नुसतं दिनकर लिही. दोन महिने जो कागदाचा चिटोरा पाठवत नाही त्याला एवढं पुरे. जयभीम शेवटी आहे, तिथपर्यंत वाचलंस तर मिळेल.

सत्यशीला म्हणजे शेजारच्या कस्तुराबाईची सून. तू औरंगाबादला गेल्यावर ती इथल्या शाळेत मास्तरीण होऊन आली. अक्षर चांगलं आहे म्हणतात. मला काय, मला सगळ्या मुंग्याच. मी "हाय" म्हणते, ती "आहे" लिहिते. मी "न्हाई" म्हणते, ती "नाही" करते. शिव्या तेवढ्या गाळते. कुठं मोकळी जागा दिसली की समजून घे.

तुझं पार्सल पोचलं. दोन रंगांच्या गोळ्या, कापूस, गुळण्यांचं औषध. चिठ्ठी नव्हती. खोकं उलटं करून झटकलं, तरी नव्हती. सत्यशीला म्हणाली, "गोळ्या कशाच्या आहेत?" मग तिला पहिल्यापासून सांगावं लागलं, अन् तिनं ते इथंच लिहून घेतलं. तुला माहीत असलेलंच आहे, पण माझ्या बाजूनं ऐक.

संक्रांतीच्या आठवड्यात माझ्या नातवानं मला परभणीच्या त्याच्या दवाखान्यात, दत्तरावांच्या भाड्याच्या खोलीत, वरखाली होणाऱ्या खुर्चीत बसवलं. माझ्या डाव्या बाजूच्या खालच्या दाढा पंधरा वर्षांपूर्वीच गेलेल्या. तिथली हिरडी त्यानं चिरली. हाडात खाच पाडली. अन् खुरप्याच्या पात्यासारखं, पण नखाएवढं, एक पातं हातोडीनं ठोकून त्या खाचेत बसवलं. पात्याला वर खुंटी, खुंटीवर दाढ. "आज्जी, हाडानं धरलं की जन्मभर हलणार नाही," तो म्हणाला. जन्म किती उरलाय ते आधी विचारायचं होतं. मुंबईला कुणी परदेशी डॉक्टर येऊन ही विद्या शिकवून गेला होता. परभणीत असं काम कुणी केलं नव्हतं. पहिलं पातं त्यानं माझ्यात पेरलं. इथं ओल बरी असेल असं त्याला वाटलं असावं.

पुढं डावा ओठ बधिर झाला तो झालाच. हिरडी सुजली, पू धरला. मे महिन्यात डॉक्टरसाहेबांनी दवाखान्याला कुलूप घातलं अन् औरंगाबादला औषधाच्या कंपनीत लागले. आता बॅग घेऊन दुसऱ्या डॉक्टरांच्या दारात बाकड्यावर बसतात. स्वतः डॉक्टर असून.

एवढं ऐकून सत्यशीला म्हणाली, "आणि आता पातं कसं आहे?"

तिला सांगितलं तेच तुला सांगते. पातं शाबूत आहे. चकचकीत आहे. माझ्याजवळच आहे, जाणार कुठं? पू थांबला. दुखत नाही.

तू मात्र लिही. आईबाप पटकीत गेल्यावर तुला मी वाढवलं ते गोळ्यांच्या पार्सलासाठी नाही.

शाईचं पॅड शाळेत राहिलं, म्हणून अंगठा तव्याच्या काजळीचा लावलाय.

जयभीम.
तुझी आज्जी, धुरपताबाई


ताडकळस
१८ ऑगस्ट १९७७

दिनकर,

हायब्रीड ज्वारी गुडघ्याला लागली. मूग बरा आहे. म्हैस आटली.

आजकाल पाहुणे येतात ते तुझी दाढ बघायला. मला बघायला कुणी येत नाही. परवा चांगुणाबाई आली अन् दारातूनच सुरू झाली.

"दाखव गं ती लोखंडाची दाढ."

"लोखंडाची न्हाई. कसल्या तरी परदेशी धातूची हाय."

"बरं, तसली दाखव."

"डॉक्टरनं तोंड उघडू नको म्हणलंय."

"मग आता बोलायलीस कशानं?"

मी पाठ फिरवून सुपारी कातरत बसले. तोंड मिटून बसणं मला किती जड जातं ते तुला माहीत आहे.

ओठाचं म्हणशील तर तसाच आहे. चहा डावीकडून ओघळतो. मला कळत नाही, पदर ओला झाला की कळतं. परवा चहा कढत होता. ओठाला फोड आला तो सत्यशीलाला दिसला, मला नाही. भाकरीचा कण चिकटून राहतो अन् पोरी तोंडावर हात धरून हसतात. मीही हसते, पण अर्धीच. दुसरं अर्ध कुठं गेलं ते तुला ठाऊक.

भगवानराव भेटले होते. गाल धरून उभे. "आज्जी, तुमचा डॉक्टर कधी येणार?" म्हणाले. मी म्हटलं, "माझंच पत्र त्याला पोचंना, तुमचा गाल कसा पोचवू?" मग ते बाजारात बसणाऱ्या पक्कडवाल्याकडे गेले. त्यानं दुखती सोडून शेजारची काढली. आता दोन्हीकडून रडतात.

एक आठवलं म्हणून सांगते. या भगवानरावांच्या आडावर आपल्याला दोर लावू देत नव्हते. त्यांच्या तोंडात तू गेल्या वर्षी तीन बोटं घातलीस, अन् ते म्हणाले, "हळू, डॉक्टरसाहेब." मी खुर्चीच्या मागं उभी होते. तुला वाटलं, मी रक्ताला घाबरून डोळे मिटले. घाबरले नव्हते.

तू लिहिलं असतंस तर मिश्रीचं विचारलं असतंस, तेव्हा आधीच सांगून ठेवते. (सत्यशीला शहरातली. मिश्री म्हणजे तव्यावर भाजलेल्या तंबाखूची पूड, ती बायका हिरड्यांना लावतात, एवढं तिलाही शिकवावं लागलं.) पातं बसवायच्या आधी तू सोडायला सांगितलीस, मी सोडली म्हटलं. एकदा म्हटलं ते म्हटलं. परभणीला डॉक्टरांच्या बैठकीत तू मला पुढं बसवून म्हणालास, "माझ्या आजीनं पन्नास वर्षांची मिश्री माझ्या कामासाठी सोडली." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एका बाईनं मला फूल दिलं. त्या टाळ्या मी विसरलेली नाही.

पॅड आजही नाही. काजळीच.

जयभीम.
धुरपताबाई


ताडकळस
१६ सप्टेंबर १९७७

दिनकर,

किशनराव पोस्टमननं तुझं पत्र दिलं अन् हलेना. त्यालाही ऐकायचं होतं. त्याला पाणी पाजून वाटेला लावला, मग सत्यशीलानं वाचलं. चार ओळी. चार ओळींना जास्तीचं तिकीट लागत नाही, हे बरंय.

तू लिहितोस: "आज्जी, दवाखान्याची खोली दिवाळीनंतर रिकामी करतोय. खुर्ची विकायला दत्तरावांना सांगितलं आहे. ज्या हातानं तुझा जबडा नासवला तो हात परत कुणाच्या तोंडात घालणार नाही. पातं हलायला लागलं तर नांदेडच्या डॉक्टरांना दाखव."

मी तीनदा वाचून घेतलं. तिन्ही वेळा तेच निघालं.

खुर्चीला गिऱ्हाईक मिळालंय, ते तुला दत्तरावांनी कळवलं नसेल. आपल्या बाजारात केस कापतो तो बन्सीधर. त्याच्या बापानं तुझ्या आज्याच्या डोक्याला कधी वस्तरा लावला नाही. आजा आपली दाढी आपणच करायचा, हनुवटीवर कायम एक कापलेलं असायचं. आता बन्सीधर घरी येऊन पायरीवर बसला, चहा प्याला. जमाना बदलला ते खरं.

"आज्जी, खुर्ची लय झ्याक हाय. पायानं दाबली की वर जाती, मागं रेलती. गिऱ्हाईक झोपंल तिच्यात."

"झोपलेल्या गिऱ्हाइकाचा कान कापशील."

"न्हाई ओ. पण तुमचा डॉक्टर आता दात काढणार न्हाई म्हणं?"

"कोण म्हणालं?"

"दत्तराव. हाताचा धीर सुटला म्हणाले त्याच्या."

मी म्हटलं, चहा गार व्हायलाय, पी.

तुझ्या हाताचं मला फार काही सांगता येत नाही, मी काही शिकलेली नाही. पण तू नऊ वर्षांचा होतास तेव्हा माझ्या टाचेत बाभळीचा काटा मोडला होता. चौघांनी कोरून बघितलं, निघाला नाही. तू माझी टाच मांडीवर घेतलीस, दुसऱ्या काट्यानं उकरत बसलास अन् मला शाळेतलं काहीतरी सांगत राहिलास. काटा कधी निघाला ते मला कळलं नाही. तळहातावर ठेवून दाखवलास तेव्हा कळलं.

तो हात हाच. म्हणून खुर्ची विकायची घाई करू नकोस. हिरडी काय, सुजते अन् उतरते. तू उगीच मनाला लावून घेतलंस.

सत्यशीला विचारते, "उगीच म्हणजे?" मी म्हटलं, तू लिही.

काजळी लावलीय खाली.

जयभीम.
धुरपताबाई


ताडकळस
९ ऑक्टोबर १९७७

दिनकर,

तू सांगितलंस म्हणून नांदेडला जाऊन आले. सत्यशीलाला सुट्टी होती, ती बरोबर आली. एसटीत तिला वांती झाली, मला नाही.

डॉक्टर म्हातारा आहे. कुठल्या तरी कॉलेजात शिकवून घरी बसलेला. तू माझ्याजवळ ठेवलेला तो काळा फोटो, हाडाचा, त्याच्यापुढं धरला. त्यानं तो खिडकीकडे धरून लय वेळ बघितला.

"कुणी बसवलं?"

"नातवानं. आता दवाखान्याला कुलूप घालून बसलाय."

"काम स्वच्छ आहे," तो म्हणाला. "पण पातं खाली फार गेलं. हाडातून एक नस जाते, ओठाची जाणीव ती आणते. तिच्यापासून जरा वर थांबायचं होतं. ज्वारीच्या दाण्याएवढं."

मी म्हटलं, "म्हंजी चूक झाली का?"

"चूक झाली."

"तुमच्या हातून झाली असती?"

"झालेली आहे. दोनदा." अन् त्यानं चष्मा पुसला. "तेव्हा मीही आठ दिवस दवाखाना उघडला नव्हता. नवव्या दिवशी एक बाई रडत आली, तिचा जबडा सुजला होता. उघडावा लागला."

ओठ परत येईल का, ते विचारलं. वर्षाच्या आत आला तर येईल, नाहीतर आहे तसा राहील, असं स्पष्ट बोलला. मला बरं वाटलं. तू विचारल्यावर मान खाली घालत होतास, त्याच्यापेक्षा हे बरं.

डॉक्टरनं नस दुखावली म्हणून सांगितलं, एवढंच.

(डॉक्टरसाहेब, मी सत्यशीला. आजींनी इथं "बाकी सगळं ठीक, जयभीम" असं लिहायला सांगितलं. मी डॉक्टरांच्या खोलीत होते. डॉक्टर आणखी बरंच बोलले. ते मी लिहिणार नाही, ते आजींनी सांगायचं आहे. पण "बाकी सगळं ठीक" असंही माझ्या हातानं लिहिणार नाही.)

ही एवढा वेळ काय लिहीत बसली ते मला कळेना. वाच म्हटलं, तर वाचून दाखवलं. मास्तरणीला पोरांचे कान पिळायची सवय असते, ती माझ्यावर चालवली. पण लिहिलंय ते खरं आहे. तसंच पाठव म्हटलं.

आज अंगठा लावायचं मन नव्हतं. लावलाय.

धुरपताबाई


ताडकळस
२ नोव्हेंबर १९७७

दिनकर,

गेल्या पत्राला तुझं उत्तर नाही. कागद बघून तू काय समजायचं ते समजला असशील. दिवाळी झाली की बन्सीधर टेम्पो घेऊन खुर्ची न्यायला जाणार आहे. तेव्हा आता मला सुपारी कातरत बसून चालणार नाही.

नांदेडच्या डॉक्टरनं मला "आ करा" म्हटलं. मी केला. त्यानं आरसा आत घातलाच नाही. त्याआधीच मान मागं घेतली.

"आजी, मिश्री दिवसातून किती वेळा?"

"कंची मिश्री?"

तो हसला. "नातवाला काय सांगितलं होतं?"

"सोडली म्हणून."

"आणि त्याला वास आला नाही?"

"नातवाला नाक नसतं," मी म्हटलं. सत्यशीला तेव्हा भिंतीकडे बघत होती.

मग त्यानं समजावलं. तंबाखूनं हिरडीचं रक्त आटतं. जखम भरत नाही. हाड पात्याला धरत नाही, कडेनं पू होतो, पातं हलतं अन् एक दिवस पडतं. कितीही चांगल्या हातानं बसवलं तरी पडतं. तू हे सगळं मला आधी सांगितलं होतंस. दोनदा. मी हूं हूं म्हणत होते.

मी एक दिवस सोडली होती, फक्त एक. तू कापलंस त्या दिवशी, कारण तोंडात कापूस होता. दुसऱ्या दिवशी टाक्यांच्या कडेनं बोट फिरवलं. ठणकलं, म्हणून जरा जास्त लावली. आमच्यात तेच औषध. दात दुखला की मिश्री, पोट दुखलं की मिश्री, नवरा बोलला की मिश्री. तुझ्या गोळ्यांवर माझा भरवसा नव्हता असं नाही. गोळी दिवसातून तीनदा होती. मिश्री हाताशी होती.

टाळ्या वाजल्या तेव्हा डबी माझ्या कमरेला खोचलेली होती. फूल देणारी बाई गळ्यात पडली असती तर तिला टोचली असती.

चैत्रात तू मला तपासायला बोलावलंस. खोलीत येण्याआधी मी नळावर जाऊन मिठानं तोंड घासलं, ओवा चावला. तू पू बघितलास. "आज्जी, लावत नाहीस ना?" एवढंच विचारलंस. मी म्हणाले, "तुझी आण." पातं काढून टाकू म्हणालास, मी म्हटलं राहू दे, धरंल अजून. मग तू हात धुतलेस. लय वेळ धूत होतास. नंतर ते उजेडाकडे धरून उलटेसुलटे करून बघितलेस. मी खुर्चीतून बघत होते. तेव्हा बोलायचं होतं. म्हटलं, चार दिवसांत विसरेल. तू कुलूप लावलंस.

का बोलली नाहीस म्हणशील. लाज वाटली. दुसरं कारण शोधून बघितलं, सापडलं नाही.

अन् पातं. मी लिहिलं होतं, शाबूत आहे, माझ्याजवळच आहे. शब्द खरे होते, बाकी सगळं खोटं. मृग निघाला त्या आठवड्यात भाकरीचा घास चावला, तर घासाबरोबर पातं हातात आलं, दाढेसकट. रक्त थोडं आलं. मी ते धुतलं अन् मिश्रीच्या डबीत ठेवलं. झाकणाची दुसरी डबी घरात नव्हती. त्यानंतर हिरडी आपोआप भरली. म्हणून पू थांबला. म्हणून मी चांगुणाबाईला तोंड दाखवत नव्हते.

आता वाटणी करू. आपल्याला वाटून घ्यायला शेत नाही, हेच आहे.

ओठ तुझा, हिरडी माझी.

ओठ तुझ्या हातानं गेला. तो मी माफबीफ करत नाही. चहा सांडला की तुझं नाव घेते अन् घेत राहीन. ज्वारीच्या दाण्याएवढं खाली गेलास, ते तुझं. पुढच्या माणसाला दाणाभर वर थांबायचं, एवढं त्यातून शिक. पण सूज, पू, हललेलं पातं, हे माझं. तू माझाही वाटा उचलून औरंगाबादला निघून गेलास. न विचारता दुसऱ्याचा वाटा नेणं याला आपल्यात काय म्हणतात ते तुला माहीत आहे. परत दे.

सत्यशीलानं आज काही गाळलं नाही. शिवी एकही नव्हती.

जयभीम.
धुरपताबाई


ताडकळस
२७ नोव्हेंबर १९७७

दिनकर,

तुझं कार्ड आलं. उघडं कार्ड, म्हणजे किशनराव पोस्टमननं वाचलं असणार. त्याशिवाय तो देताना माझ्या तोंडाकडे असा बघत राहिला नसता. वर आज्जी नाही, खाली जयभीम नाही. मधे सात प्रश्न. तू रागावलायस का, ते मी सत्यशीलाला विचारलं. ती म्हणाली, "कळत नाही, पण फार दाबून लिहिलंय. कागद मागून उठलाय."

म्हणजे रागावलायस. बरोबर आहे.

पण प्रश्न डॉक्टरचे आहेत. मी एकेकाचं उत्तर देते, सत्यशीला तुझ्याच आकड्यांनी लिहितेय.

एक, तारीख मला सांगता येत नाही. बाजाराचा आदला दिवस होता, पेरणीआधीचा. दोन, त्याआधी वीसेक दिवस हलत होतं. जिभेनं ढकललं की टक् करायचं, मला त्याचा नाद लागला होता. तीन, पू गालाच्या बाजूनं. चार, खुंटी वाकलेली नाही. पाच, पडल्यावर ताप नाही. सहा, ओठ. हनुवटीच्या टोकाला परवापासून मुंग्या येतात. ओठ अजून लाकूडच आहे. हे मी तुझं मन राखायला सांगत नाही, तसं असतं तर ओठही आला म्हणाले असते.

सातवा प्रश्न, पातं फेकलंस का. नाही.

आता खुर्ची. बन्सीधर टेम्पो घेऊन येणार त्या दिवशी मी सकाळच्या एसटीनं परभणीला गेले, दत्तरावांकडून चावी घेतली अन् खुर्चीत जाऊन बसले. तो आला.

"उठा आज्जी."

"उठते की. आधी ही दाढ काढ, उजवीकडची. हलायलीय."

"म्या कसा काढू? म्या काय डॉक्टर हाय का?"

"मग डॉक्टरच्या खुर्चीला हात कशाला लावायलास?"

"अहो, दत्तरावांनी बोलावलं!"

"रोग्याचा इलाज पुरा झालेला न्हाई. तवर खुर्ची रोग्याची. विचार कुणालाबी."

त्यानं दत्तरावांना विचारलं. दत्तराव दाराला टेकून हसत होते. संक्रांतीपर्यंत खोली अन् खुर्ची दोन्ही ठेवतो, म्हणाले. त्यापुढं नाही. बन्सीधरचा टेम्पो रिकामा जायला नको, म्हणून मी त्यातच बसून गावाला आले. वाटेत तो एकदाच बोलला. "आज्जी, माझीबी एक दाढ दुखती. डॉक्टर आला तर सांगा."

दाढ खरंच हलतेय. माझी स्वतःची, उजवी. पक्कडवाल्याला मी हात लावू देणार नाही. संक्रांतीपर्यंत ती तिथं धरून ठेवायचं बघते.

या पत्राबरोबर डबी आहे. पातं आत आहे, दाढेसकट. डबी धुतलेली नाही, उरलेली मिश्रीही तशीच ठेवलीय. पातं कशात होतं ते तुला दिसू दे. डबी परत पाठवू नकोस. झाकणाची दुसरी माझ्याकडे नाही, ते मी मागं लिहिलंच आहे.

माझी आधीची पत्रं ठेवली असशील तर एकदा काढ. फाडली असशील तर राहू दे. खालचे अंगठे बघ. ती काजळी नव्हती. पहिल्या पत्रापासून प्रत्येक अंगठा डबीत बुडवून लावलाय, चुलीकडे तोंड करून, सत्यशीलालाही कळू दिलं नाही. वाटलं होतं, तुझ्या नजरेला पडेल, तू विचारशील, अन् मला आपणहून बोलावं लागणार नाही. तू नुसतं वाचलंस. त्या कागदांना अजून वास असेल. आता घेऊन बघ.

सत्यशीलानं आज शाळेतून पॅड आणलंय. आजचा अंगठा निळा आहे. अकरा दिवस झाले. सोडली असं मी म्हणत नाही, ते मी आधी एकदा म्हणून बसलेय. आता तू ये, आ करायला सांग, अन् काय ते तुझं तूच सांग.

जयभीम.
धुरपताबाई